गुरगुरणारे कुत्रे आणि भाकरीचा तुकडा

सातारा-सांगलीकडची सडपातळ, चपळ कारवानी कुत्री तुम्ही पाहिली असतील. एखादे अनोळखी माणसावर गुरगुरले, की आपण काठी उगारतो. पण पुष्कळदा ते भीतीने गुरगुरत असते. माराने गुरगुरणे थांबेल, भीती मात्र वाढेल. मग ते इशारा न देताच चावेल!

श्वानप्रशिक्षक निराळा उपाय योजतात. १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना आढळले की, अन्नापूर्वी ठरावीक आवाज वारंवार ऐकवल्यास पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते. यास ‘अभिसंधान’ म्हणतात. प्रशिक्षक अनोळखी माणसाला कुत्रे बिचकणार नाही इतक्या दूर उभे करतात. तो दिसताच कुत्र्याला भाकरीचा तुकडा मिळतो. अंतर दिवसेंदिवस कमी करतात. कुत्रे बिचकले, तर पुन्हा वाढवतात. हळूहळू माणूस दिसला म्हणजे खाऊ मिळणार, असा संबंध त्याच्या मनात जुळतो आणि भीती ओसरते.

हा प्रयोग तुम्ही मात्र परक्या कुत्र्यावर करू नका. ते गुरगुरले, तर न पळता सावकाश दूर व्हा. चावलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.