गाडीने उडवलं, पुढे काय?

मळवली स्टेशनावर उतरून भाजे लेण्यांकडे चालत निघालेल्याला सुट्टीच्या दिवशी गाड्यांमधूनच वाट काढावी लागते. अशा पादचाऱ्याला किंवा सायकलवाल्याला गाडीने ठोकरलं, तर आधी उपचार आणि पोलिसांत नोंद. दावा पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. जखमी मुंबईकर असेल तर मुंबईतही. मोटार वाहन कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला २.५ लाख, मृत्यूला ५ लाख रुपये मिळतात. जास्त हवे असतील तर कलम १६६, पण तिथे निष्काळजीपणा दाखवावा लागतो. गाडी पळून गेली तरी महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो: गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. रक्कम तुटपुंजीच! विमा कंपनीच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.