जुन्या लेथची उलटसुलट मोटार

लेथची मोटार दोन्ही बाजूंनी फिरवावी लागते, ती मुख्यतः आटे पाडण्यासाठी. लीड स्क्रू इंची मापाचा आणि आटे मिलिमीटरचे असतील, तर हाफ नट मध्येच सोडून चालत नाही. टूल पुन्हा त्याच खाचेत बसेल याचा भरवसा राहत नाही. टूल मागे ओढायचे, मोटार उलटी फिरवायची आणि कॅरेज परत आणायचे, हाच खात्रीचा मार्ग.

बीड जिल्ह्यातल्या वर्कशॉपांत पंपाचे शाफ्ट, बुश, ट्रॉलीच्या पिना अशी शेतीची कामे लेथवर येतात. किर्लोस्कर घराण्याची हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर कंपनी 1941 साली निघाली आणि लेथसाठी नावाजली. त्या पिढीच्या लेथचा बिडाचा सांगाडा सहसा दगा देत नाही. दगा देते ती वायरिंग. टर्मिनल बॉक्स उघडला की वायरीवरचे रबर बोट लागताच भुगा होऊन पडते. अशा वायरीला टेप गुंडाळणे म्हणजे काम पुढे ढकलणे. कॉइलच्या तोंडापर्यंत नवी वायर जोडून त्यावर स्लीव्ह चढवावी लागते.

थ्री फेज मोटार उलटवणे सोपे. लाल, पिवळा, निळा यांपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की फेरा उलटतो. लाइनच्या दुरुस्तीनंतर विहिरीवरची मोटार उलटी फिरू लागली की शेतकरी हेच करतो. लेथवर ही अदलाबदल ड्रम स्विच करतो.

सिंगल फेज मोटारीला मात्र हा उपाय चालत नाही. येणाऱ्या दोन वायरी कितीही बदलल्या तरी ती पूर्वीसारखीच फिरते. तिच्यात रनिंग आणि स्टार्टिंग अशी दोन वाइंडिंग असतात. त्यांपैकी एकाचीच, सहसा स्टार्टिंगची, टोके उलटवावी लागतात. जुन्या मोटारीत दोन्हींचे एकेक टोक आतच जोडून टाकलेले असते. तो जोड सोडून चारही टोके बाहेर काढणे, हेच खरे काम. मल्टीमीटरवर ज्याचा रोध जास्त, ते बहुधा स्टार्टिंग. त्याच्या वाटेतला सेंट्रिफ्युगल स्विच सुमारे 75 टक्के वेग आला की उघडतो. त्यामुळे चालू मोटारीचा ड्रम स्विच झटकन उलटवला, तरी मोटार पूर्वीच्याच दिशेने फिरत राहते. ती पूर्ण थांबू द्यावी लागते.

दुकानात सिंगल फेजच असेल आणि लेथवर थ्री फेज मोटार असेल, तर व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह) उपयोगी पडतो. पण 230 व्होल्टचा व्हीएफडी 230 व्होल्टच बाहेर देतो, आणि लहान मोटारी बहुतेक 415 व्होल्टसाठी स्टार जोडलेल्या असतात. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला सुमारे 240 व्होल्ट मिळतात. म्हणून मोटार डेल्टा जोडली की हिशेब जुळतो. अडचण अशी की जुन्या मोटारीत स्टारचा जोड कॉइलच्या बांधणीत दडलेला असतो. दोरा कापून तो शोधावा लागतो आणि कुरकुरीत झालेले वार्निश तेवढ्यानेही तडकते. वाइंडिंग इतके जुने असेल तर रिवायंडिंगच बरे, कारण व्हीएफडीचा ताण ते फार काळ सोसत नाही. व्हीएफडी आणि मोटार यांच्यामध्ये ड्रम स्विच ठेवू नये. उलटसुलटचा स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडावा.

जोडणी झाल्यावर 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांमधला रोध पाहावा. तो 1 मेगओहमपेक्षा कमी असेल तर वीज देऊ नये. अर्थिंग मोटारीला आणि लेथच्या सांगाड्याला, दोन्हीकडे हवे. पहिली चाचणी पट्टा उतरवून घ्यावी, मग पट्टा चढवून चक पाहावे: सुलट फेऱ्यात जॉबचा वरचा भाग कारागिराकडे येतो. चक आट्यांवर बसणारे असेल तर उलट फेऱ्यात ते सैल होऊन निसटू शकते. अशा लेथवर उलट्या दिशेने जड काम घेऊ नये.

ड्रम स्विच वीज गेल्यावरही होता तिथेच राहतो आणि वीज परतताच चक आपोआप फिरू लागते. तेव्हा कुणाचा हात जवळ असेल, हे सांगता येत नाही. म्हणून ड्रम स्विचच्या आधी नो-व्होल्ट कॉइल आणि ओव्हरलोड रिले असलेला स्टार्टर, तसेच थ्री फेजला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवल्याशिवाय लेथ कामाला लावू नये.