सोन्याचे दवबिंदू

मुलांनो, हरसूलला पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो. त्या दिवसांत अळूचे पान नीट पाहा. पाणी त्यावर पसरत नाही, त्याचे गोल थेंब होतात. स्वच्छ काचेवर मात्र तेच पाणी पसरते. म्हणजे थेंब व्हायचे की पसरायचे, हे खालचा पृष्ठभागही ठरवतो.

शास्त्रज्ञ सोन्याचेही असेच थेंब करतात. त्यासाठी ते सिलिकॉनची चकती घेतात. सिलिकॉन हा अर्धवाहक आहे. त्यातून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही आणि काचेइतकी अडतही नाही. संगणकातील चिप व सौरघट त्यापासून बनवतात. हवेमुळे सिलिकॉनवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा येतो. निर्वात पेटीत सोने तापवून त्याची वाफ या चकतीवर बसवतात. हा थर फक्त काही नॅनोमीटर जाड असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख सारखे भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर!

मग चकती तापवतात. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. परंतु इतका पातळ थर त्याच्या पुष्कळ आधीच तुटू लागतो. उष्णतेमुळे सोन्याचे अणू जागा बदलतात. ऑक्साइडपेक्षा त्यांची ओढ एकमेकांकडे अधिक असते. थराला छिद्रे पडतात, छिद्रे मोठी होतात आणि शेवटी चकतीवर सोन्याचे बारीक कण उरतात. थर पातळ असेल, तर कण लहान व जवळजवळ होतात. थर जाड असेल, तर ते मोठे व दूरदूर होतात. यालाच स्वयंरचना म्हणतात.

नखाएवढ्या चकतीवर असे कोट्यवधी कण मावतात. ते एकेक करून कोण मांडणार? म्हणून स्वयंरचनेचे महत्त्व मोठे आहे.

धातूचे असे कण प्रकाश विखुरतात. त्यामुळे पातळ सौरघटातही अधिक प्रकाश शोषला जाऊ शकतो. मात्र कण स्वतःही थोडा प्रकाश गिळतात आणि सगळे कण सारख्या आकाराचे होत नाहीत. या अडचणींवर संशोधन चालू आहे.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांनी धातूंचे सूक्ष्म कण व त्यांची मांडणी यांवर संशोधन केले. २००२ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

शास्त्रज्ञ कणांना हात लावत नाही. तो पृष्ठभाग, थराची जाडी आणि उष्णता योग्य निवडतो. पुढचे काम निसर्गाचे नियम करतात.

करून पाहा : काचेचे दोन तुकडे घ्या. एक स्वच्छ धुवा, दुसऱ्याला तेलाचा हात लावा. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. काय फरक दिसतो? तो का दिसतो, ते वर्गात सांगा.