फोन मंदावला? आधी बॅटरीचा भाव विचारा

जुना फोन रखडायला लागला की आपण लगेच नव्याच्या किमती बघतो. त्याआधी अ‍ॅपलचं प्रकरण माहीत हवं. बॅटरी झिजलेल्या काही आयफोनचा वेग अपडेटमधून मुद्दाम कमी केला जातो, हे कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. कारण खोटं नव्हतं: झिजलेली लिथियम-आयन बॅटरी प्रोसेसरला एकदम लागणारी वीज पुरवू शकत नाही आणि फोन धाडकन बंद पडतो. मग हे ग्राहकाला आधीच का सांगितलं नाही? माझा राग यावर आहे. बॅटरी बदलली की तोच फोन पुन्हा पळतो, हे ठाऊक नसलेला माणूस नव्या फोनवर हजारो रुपये घालतो. बोभाटा झाल्यावर अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला. फ्रान्सने २०२० मध्ये २.५ कोटी युरो दंड ठोठावला, तोही माहिती दडवल्याबद्दल.

बॅटरी सहज बदलता येईल असे फोन हवेत, असं म्हटलं तर फोन सीलबंद असतो म्हणूनच पाण्यापासून वाचतो, असं काही जण म्हणतील. पण सॅमसंगचा २०१४ चा गॅलेक्सी एस५ पाण्यात टिकायचा, आणि त्याचं मागचं झाकण नखाने उघडून बॅटरी काढता यायची. तोवर आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ बघा. आकडा ८० टक्क्यांखाली असेल, तर नवा फोन घेण्याआधी बॅटरी बदलून पाहा.