शुश्रूषागृहातला मृत्यू आणि कायदा

रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या पुळणीवर मे १९५३ मध्ये एका विशीतल्या मुलाची मांडी मोडली. मोटारीने त्याला पुण्यास आणले. तेथील खासगी इस्पितळात पुरेशी भूल न देता हाड जोराने ओढले गेले आणि त्याच रात्री तो गेला. वडिलांनी दावा लावला. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयातील निकाल लागला १९६८ साली. भरपाई तीन हजार रुपये! मुलाचे मोल ते नव्हेच. पण रोगी हाती घेतला की योग्य काळजी घेण्याची जबाबदारी डॉक्टरवर येते, हे पक्के झाले.

१९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन उपचार करणारी शुश्रूषागृहे ग्राहक कायद्याखाली येतात. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीचा रोगी नाशिकला दगावला, तरी २०१९ च्या कायद्याने घरच्यांना आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची.

मात्र संशय असेल तर शवविच्छेदनाची मागणी अंत्यविधीपूर्वीच करावी. दुःखात हे सुचत नाही, म्हणून वडीलधाऱ्या कुणी तरी लक्षात ठेवावे. उपचाराचे कागद लेखी मागावेत. ते ७२ तासांत देणे डॉक्टरला बंधनकारक आहे. फौजदारीला निव्वळ चूक पुरत नाही, घोर हलगर्जी दाखवावी लागते. डॉक्टरच्या सनदेविषयीची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, मुंबईस.