यंत्राने माणसाशी जुळवून घ्यावे

नोव्हेंबर जवळ आला की सातारा-सांगलीकडील अनेक घरांत हयातीच्या दाखल्याची काळजी सुरू होते. हा सैनिकांचा मुलूख. अपशिंगे मिलिटरीसारखी गावे येथलीच. पण आयुष्यभर रानात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत आणि हयात माणसाला आपली हयाती सिद्ध करता येत नाही. दोष बोटांचा नव्हे, एकच वाट ठेवणाऱ्या यंत्राचा आहे.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ सेवेत २०२१ साली चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. त्यामुळे घरच्या स्मार्टफोनवरूनही दाखला देता येतो. ते न जमल्यास पोस्टमन शुल्क घेऊन घरी येतात. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

मात्र चेहरा टिपताना डोळ्यांची उघडझाप करावी लागते. ज्यांना दिसत नाही वा पापण्या हलवता येत नाहीत, त्यांनी काय करावे? असाच प्रश्न बँकेच्या ‘केवायसी’बाबत सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि पर्यायी पद्धती देण्याचे निर्देश दिले. म्हणून बँकेत दुसरा मार्ग मागताना आपण संकोचू नये.

आपल्या हातातील फोनही बराच बदलता येतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ हा विभाग पाहावा. तेथे अक्षरे मोठी करता येतात, पडद्याचा हवा तो भाग वाढवून पाहता येतो. हात थरथरत असल्यास ‘टच अँड होल्ड’चा अवधी वाढवावा, बोट क्षणभर रेंगाळले तरी नको ते उघडत नाही. टंकलेखन अवघड वाटल्यास कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलावे. दृष्टी फारच अधू असल्यास ‘टॉकबॅक’ पडद्यावरील मजकूर वाचून दाखवतो. तो सुरू असताना एकदा स्पर्श केल्यास नाव ऐकू येते, दोनदा टिचकी मारल्यास ते उघडते आणि पडदा सरकवण्यास दोन बोटे लागतात. हा फरक आधी समजावून सांगावा, अन्यथा फोन बिघडला असे वाटते.

घरातील तरुणांनो, एका वेळी एकच बदल करा, तो अंगवळणी पडू द्या, मगच पुढचा. फोन हातातून घेऊन काम उरकू नका, शेजारी बसा. आणि पिन व ओटीपी आजी-आजोबांचेच राहू द्या. स्वतःचे निवृत्तिवेतन स्वतः पाहता येणे, हाही त्यांच्या आरोग्याचाच भाग आहे.