शेंडा खुडल्यावर

थंडीच्या दिवसांत मंडईत करडईच्या कोवळ्या पाल्याच्या जुड्या येतात. कोणी विरळणीची रोपे उपटून आणतो, कोणी नुसते शेंडे खुडतो. भाजी आपण आवडीने खातो. पण शेंडा गेल्यावर शेतात मागे उरलेल्या झाडाचे काय होते, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडतो.

झाडाच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. शेंडा वाढता असेपर्यंत हे डोळे बहुधा निजून राहतात. 1933 साली थिमन व स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे छाटले आणि काही रोपांच्या छाटलेल्या टोकांवर ऑक्झिन हे वाढीचे द्रव्य लावले. नुसती छाटलेली रोपे खालून फुटली. द्रव्य लावलेल्यांचे डोळे दबलेलेच राहिले. तेव्हा शेंडा वरून हुकूम सोडतो, असे ठरले. पण गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. 2014 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वाटाण्यावर दाखवून दिले की, शेंडा खुडताच खालच्या डोळ्यांकडे साखर धावते, आणि ऑक्झिन उतरण्याच्या आधीच ते फुगू लागतात. म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबातल्या कर्त्या पुरुषासारखा शेंडा नुसता दरडावीत नव्हता, ताटातले वाढूनही घेत होता!

आता शेतकऱ्याचा हिशेब पाहू. करडईत प्रत्येक फांदीच्या टोकाला बोंड धरते. फांद्या वाढल्या की बोंडे वाढतात. पण बोंडे वाढली म्हणून तेल वाढेलच असे आम्ही म्हणणार नाही. कोरडवाहू रब्बीचे पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर जगते, आणि फांद्या दुप्पट झाल्या म्हणून ओल दुप्पट होत नाही. ओल कमी पडली तर दाणे पोचट राहतात. तिळाच्या बोंड्या पानांच्या बगलेत लागतात, त्यामुळे फांद्या फुटणाऱ्या वाणात खुडणीला अर्थ आहे. सरळसोट वाणात तो फारसा नाही. तेलासाठी लावलेल्या सूर्यफुलाला मात्र कोणी हात लावू नये. तिथे शेंडा म्हणजेच फूल. तो गेला तर बाजूने आली तरी लहान फुले येतात.

करडईची खुडणी करायची तर खोड नुकतेच उंचावू लागले असताना करावी. उशीर केला तर धरलेले बोंडच हाती येते, आणि तोवर पानांचे काटेही असे टोचरे होतात की भाजीसाठीसुद्धा कोणी शेतात शिरत नाही.